सवतीचं रान

माझ्या सवतीला मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ती विलायतेत असायची. वय सातआठशे वर्षं, अंगावर ओकची झाडं, पायाशी बारमाही चिखल. माझे यजमान एक वर्ष तिच्यापाशी राहून आले आणि पुढं कित्येक वर्षं तिच्याबद्दल बोलत राहिले.

हे जयपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पन्नास सालच्या सुमारास आम्ही सांगलीहून इकडं आलो, खातीपुऱ्याच्या बाजूला भाड्याचं घर घेतलं, दोन मुलं झाली. मग यांना वर्षभर इंग्लंडला जाऊन अभ्यास करायची संधी आली. तिथल्या एका खेड्याला लागून फार जुनं रान होतं, त्या रानाचा अभ्यास. एकट्यानंच जायचं होतं. मी म्हटलं, जा. एक वर्ष काय, हां हां म्हणता सरेल.

सरतंय कसलं. दूधवाल्या भैयाशी रोजची हुज्जत, उन्हाळ्यातली लू, नळाला पाणी यायच्या वेळा आणि दोन मुलं, एवढं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. यांची पत्रं मात्र नेमानं यायची. निळं घडीचं पत्र, वरपासून खालपर्यंत झाडं. आज हेझलच्या जुन्या खोडांना नवे धुमारे फुटलेले पाहिले. आज ओकच्या ढोलीत घुबड पाहिलं. पाहिलंत ना, बरं झालं, आता जेवा. अगदी शेवटी, पत्र चिकटवायची जागा असते तिथं, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘तुझी प्रकृती कशी आहे?’ मी उत्तरात ठीक आहे म्हणून कळवायची. एवढ्याशा जागेत विचारलेल्या प्रकृतीनं ठीकच असायला पाहिजे.

हे परत आले तेव्हा स्टेशनवर मी ट्रंकेकडं बघत होते. काय आणलं असेल? माझ्यासाठी एक लोकरीचं जाकीट निघालं, जे जयपुरात फार तर महिनाभर घालता येतं. बाकी सगळ्या स्लाइडा. काचेच्या चौकटीत बसवलेली त्या रानाची रंगीत चित्रं, कापसात गुंडाळून, पोटाशी धरून आणलेली. मुलांना जवळ घ्यायच्या आधी यांनी ती पेटी टांग्यात नीट ठेवली. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या रानाला सवत म्हणायला लागले.

आता जयपुरातली मराठी माणसं म्हणजे दोन जातींची. एक आमच्यासारखी, कॉलेजात किंवा हॉस्पिटलात चिकटलेली, हलायचं नाव नाही. दुसरी बँकेतली, विम्यातली, केंद्र सरकारातली, बदलीवर आलेली. ही दुसरी मंडळी दर वर्षी निम्मी जायची आणि निम्मी नवी यायची. सगळ्यांचं मिळून एक मंडळ होतं आणि त्या मंडळाचा गणपती असायचा. गणपती म्हटला की व्याख्यान हवंच. आरती, प्रसाद, मुलांची कबड्डी, बायकांची फुगडी हे सगळं झालं तरी व्याख्यान झाल्याशिवाय आपल्या लोकांना उत्सव केल्यासारखं वाटत नाही. तिथं बसून झोपतील, पण व्याख्यान पाहिजे.

मंडळाचे सेक्रेटरी विम्याच्या कचेरीत होते. काय चमत्कार होता देव जाणे, त्यांची बदली म्हणून कधी झाली नाही. पुण्याहून वक्ता आणायचा म्हणजे त्याचं जाण्यायेण्याचं भाडं, उतरायची सोय, पथ्यपाणी. पहिल्या वर्षी त्यांनी यांनाच उभं केलं. विषय, विलायतेतील एक पुराण अरण्य, रंगीत चित्रांसह. फार रंगलं. दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी पुन्हा दारात. म्हणाले, “सर, तेच होऊन जाऊ द्या. निम्मे लोक नवीन आलेत.” तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलंसुद्धा नाही, सरळ पत्रिका छापून आणली.

राहिलेल्या निम्म्या लोकांचा कुणी विचार केला नाही. त्यात मी. स्लाइडांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला यांना खपायचा नाही, म्हणून कॉलेजातून आणलेल्या प्रोजेक्टरपाशी मला बसवायचे. दर वर्षी तीच चित्रं, त्याच क्रमानं. आधी गावातून रानाकडं जाणारी वाट, दोन्ही बाजूंनी उंच बांध, शेकडो वर्षं बैलगाड्या आणि मेंढरं जाऊन जाऊन चराएवढी खोल झालेली. मग कुरणं, त्यांना भिंती नाहीत, काटेरी झुडपांची कुंपणं. मग रानाच्या हद्दीचा मातीचा बांध. इथं हे पाणी प्यायचे. मग हेझल. हे झाड जमिनीलगत तोडतात, आठदहा वर्षांनी त्याला मनगटाएवढे फोक येतात, ते तोडून कुंपणाचे तट्टे विणतात, पुन्हा वाढू देतात. असं शतकानुशतकं चाललंय, झाड मरत नाही. इथं हे टाळ्यांसाठी थांबायचे. आमची धाकटी शेजारच्या मुलीला मोठ्यानं सांगायची, “अब नीले फूल आयेंगे, देख.” आणि यायचेच.

हे असंच चाललं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण साठ सालानंतर एका उन्हाळ्यात तिथून बोलावणं आलं. या खेपेला तीन वर्षं. रान तेच, काम मोठं, मान मोठा. बायकामुलांची सोय मात्र याही खेपेला नाही. आम्ही मायलेकरांनी सांगलीला थोरल्या दिरांकडं राहायचं असं यांच्या घरून परस्पर ठरलंसुद्धा. होकार-नकार दसऱ्यापर्यंत कळवायचा होता.

हे काही बोलेनात. मीही विचारेना. संध्याकाळी हे अंगणात मागं हात बांधून येरझारा घालायचे आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मला वाटायचं, हा माणूस मनानं पोचला तिथं. राग आला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला भीत नाही. पण मला राग नव्हता आला, मला धास्ती वाटत होती. एका वर्षाचं एकटेपण मी सोसलं होतं. तीन वर्षांनी मुलं यांना ओळखतील का, आणि सांगलीत माझ्या मुलांच्या अर्ध्या हिंदी बोलण्याला जावा हसतील तेव्हा मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? या विचारात मी रोज चौघांना पुरून उरेल त्याच्या दुप्पट भाजी चिरत होते. शेजारच्या बँकवाल्यांकडं आमच्याकडून वाटी जायला लागली. ते म्हणाले, वहिनींचा हात फार सढळ आहे.

अशात गणपती आले. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी यांनी मुलांच्या कबड्डीत पंचाचं काम अंगावर घेतलं. आपली मुलं कबड्डी खेळताना दम घ्यायची सोडून हिंदीत भांडायची, त्यांना आवरता आवरता हे इतके ओरडले की दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मला हाक मारली ती मला ऐकूच आली नाही. घसा साफ बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद झाली, ज्येष्ठमध झालं. भादव्याच्या उकाड्यात माणूस मफलर गुंडाळून बसला. आवाज मात्र येईना, नुसती हवा यायची.

दुपारी सेक्रेटरी आले. यांच्याकडं बघितलं, पत्रिकेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

“वहिनी, तुम्हीच करा.”

“मी? मी मॅट्रिक आहे. आणि मी ते रान बघितलेलं नाही.”

“आमच्यापैकी कुणी बघितलंय? तुम्हाला पाठ तर आहे ना?”

मी यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, नको म्हणतील. यांनी मफलरमधून मान हलवली, बोटानं स्वतःकडं दाखवलं आणि हवेत स्लाइड सरकवल्यासारखं केलं. मतलब, प्रोजेक्टर मी चालवतो, तू बोल.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मी टेबलापाशी उभी राहिले. डाव्या बाजूला गणपती, उजव्या बाजूला पडदा, समोर सगळी मंडळी सतरंजीवर, पुरुष उपरण्यानं वारा घेतायत. त्यांच्या पाठीमागं प्रोजेक्टरपाशी हे. दिवे गेले, खोल वाटेचं चित्र आलं. मी यांचं पहिलं वाक्य म्हटलं, “सभ्य स्त्रीपुरुषहो, अरण्य म्हणजे केवळ वृक्षांचा समुदाय नव्हे.” आणि दुसरं वाक्य गेलं. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, कुठं गेलं कोण जाणे. मागं अंधारात हे हातवारे करत असणार, पण मला काय दिसणार?

मग मी पदर खोचला. म्हटलं, “हे बघा, हे रान मी पाहिलेलं नाही. पण गेली काही वर्षं ते आमच्याच घरी राहतं, त्यामुळं त्याचा स्वभाव मला माहीत आहे.”

लोक हसले. मला बरं वाटलं. मग माझी जीभ सुटली.

मी सांगितलं की ही वाट चित्रात छान दिसते, पण तीत घोट्यापर्यंत चिखल असतो, उन्हाळ्यातसुद्धा, वर्षभर हे रोज सकाळी त्यातून जायचे, संध्याकाळी यायचे, आणि परत आले तेव्हा यांच्या एकाही पायमोज्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. कुरणाचं चित्र आलं तेव्हा सांगितलं की तिथं दुसऱ्याच्या शेतातून कुणालाही चालत जायचा हक्क असतो. वाट पूर्वापार आहे म्हटल्यावर शेतकऱ्यानं काही बोलायचं नाही, उलट कुंपण ओलांडायला त्यानं लाकडाची पायरी करून द्यायची. हे ऐकून पुढच्या रांगेतल्या साताऱ्याच्या मंडळींना बसल्या जागी ठसका लागला. आमच्याकडं बांध हातभर सरकला तर भाऊ भावाला कोर्टात खेचतो.

पुढच्या चित्रात सगळीकडं पांढरी फुलं, चांदण्यांसारखी. म्हटलं, “याला फसू नका. या फुलांना लसणाचा वास येतो. आख्ख्या रानाला फोडणी दिल्यासारखा. आणि त्या लोकांना लसूण आवडत नाही. देवानं दिलंय बघा कुठं.” मग निळी फुलं आली. तिथं मात्र मलाही चेष्टा सुचली नाही. ओकच्या खाली जमीन दिसत नाही, नुसता निळा रंग, झाडांच्या बुंध्यांमधून पार मागं धुक्यात गेलेला. मी सांगितलं की ही फुलं बी टाकून टाकून वीतवीत पुढं सरकतात, त्यांना एवढं पसरायला कित्येक पिढ्या लागतात, म्हणून ती जिथं अशी दिसतात ते रान जुनं समजायचं. म्हटलं, “असं ठिकाण एकदा बघितलं की माणसाला दुसरं काही आवडत नसेल, तर मी त्याला दोष देणार नाही.”

हे वाक्य यांच्या व्याख्यानात नव्हतं. हॉलभर ऐकू गेलं आणि मला माझंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण अंधार होता.

दिवे लागले. प्रश्नोत्तरं. आमच्या मंडळात एक म्हातारे डॉक्टर होते, निवृत्त झाले तरी जयपूर न सोडलेले. दर वर्षी पहिल्या चित्राला त्यांचा डोळा लागायचा, दिव्यांबरोबर जाग यायची आणि पहिला प्रश्न त्यांचाच असायचा. या वर्षी ते जागे राहिले होते.

“वहिनी, एक शंका आहे,” डॉक्टर म्हणाले. “सर तिथं वर्षभर रोज जायचे म्हणता. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. पण झाडं काही जागची हलत नाहीत. एकदा मोजली की झालं. मग रोज जाऊन सर करत काय होते?”

हा प्रश्न मला हे परत आल्यापासून विचारायचा होता. विचारायची माझी छाती झाली नव्हती. मी म्हटलं, “मलाही हेच विचारायचंय, डॉक्टर. ते तिकडं बसलेत, त्यांनाच विचारा.”

सगळे वळून बघायला लागले. हे उठले. प्रोजेक्टर बंद करायचं भान राहिलं नाही, आणि हे सरळ त्याच्या झोतातून चालत आले, तेव्हा ती निळी फुलं यांच्या सदऱ्यावरून, मफलरवरून सरकत गेली. टेबलापाशी येऊन यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हवेच्या आवाजात दोन शब्द सांगितले.

मी लोकांना सांगितलं, “हे म्हणतात, मराठी बोलायला.”

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

सेक्रेटरींनी विचारलं, “तिथं मराठी माणूस होता?”

पुन्हा कानाशी कुजबुज. मी ऐकत ऐकत सांगत गेले. “नव्हता. घरमालकीण इंग्लिश, तिचं मांजर इंग्लिश. तिथल्या कॉलेजातही सगळे तसलेच. वर्षभरात मराठीचा एक शब्द कानावर पडला नाही. गावात एकटं बोलत फिरलं तर लोक वेडा म्हणतील. रानात कुणी नसायचं. म्हणून तिथं जाऊन मोठ्यानं बोलायचे.”

हॉलमधला सगळा हशा थांबला. ही सगळी बदलीवाली माणसं. कुणी मद्रासला एकट्यानं काढलेलं, कुणी गुवाहाटीला. पंख्यांसारखी हलणारी उपरणी जिथल्या तिथं राहिली.

डॉक्टर मात्र डॉक्टरच. म्हणाले, “ते समजलं. पण बोलत काय होते?”

या वेळी हे बराच वेळ कुजबुजले. मफलरच्या आतून, तुटक तुटक, मध्येच खोकला.

“तुझ्याशी बोलायचो. आज काय जेवलो ते सांगायचो. धाकटीला ताप आल्याचं तू कळवलंस त्या दिवशी तिथं उभा राहून तुला किती वेळा विचारलं, उतरला का गं. पत्र लिहायला बसलो की असलं काही लिहायची लाज वाटायची, मग दिसतील ती झाडं लिहायचो. परत आल्यावर लोकांनी रानाबद्दल विचारलं, तर तेवढंच सांगता येण्यासारखं होतं. मला नाही जायचं परत. तुला कसं सांगावं कळत नव्हतं, एवढा मान सोडतोय म्हटल्यावर तुला वाईट वाटेल म्हणून. तीन वर्षं नाही निभायची गं. झाडं उलट बोलत नाहीत.”

समोर आख्खं मंडळ माझ्या तोंडाकडं बघत होतं.

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“अभ्यास,” मी म्हटलं. “अभ्यास करत होते म्हणतायत.”

“तेच,” डॉक्टर समाधानानं म्हणाले.

सेक्रेटरी आभार मानायला उठले. हे तसेच माझ्याजवळ उभे, मी काही बोलते का याची वाट बघत. चारचौघांत नवऱ्याला हात लावायची आमच्यात पद्धत नव्हती, घरातसुद्धा दिवसाउजेडी नव्हती. मी सगळ्या सभेसमोर, गणपतीसमोर, यांच्या गळ्यातला तो सुटलेला मफलर नीट गुंडाळला. आणि हळूच म्हटलं, “सांगलीला उद्याच तार करा. म्हणावं, आम्ही येत नाही.”